डावीकडचा दवाखाना

आमच्या बाबांनी नोकरीतून निवृत्त झाल्यावर क्षेत्रसंन्यास घेतला. संन्यास म्हटल्यावर लोकांना भगवी वस्त्रं आठवतात, पण हा तसला नव्हे. घर, बायको, चहा, पेपर, भाजीत मीठ कमी पडलं म्हणून आईशी वाद, सगळं चालू राहतं. फक्त काशीची हद्द ओलांडायची नाही, मरेपर्यंत. काशीत मरण आलं की सुटका, मग तो पंडित असो की गल्लीतला सांड. हद्दीबाहेर आलं तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. मरण कधी येईल ते कुणाला ठाऊक नसतं, म्हणून बाहेर पाऊलच टाकायचं नाही. बाबांनी जन्मभर पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवलं होतं, त्यामुळे एकदा मुद्दा पटला की ते शेवटापर्यंत जात.

पुण्याला नातीचं लग्न झालं, बाबा गेले नाहीत. दुसऱ्या वर्षी तिथल्याच माझ्या भावाच्या छातीत दुखलं आणि त्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हाही गेले नाहीत. घरात पाटावर बसून जप करत राहिले. भाऊ ते कधी विसरला नाही. आमच्या घाटावरून गंगेचा पलीकडचा काठ दिसतो, तिथेसुद्धा ते जात नसत, कारण त्या काठावर मेलेला पुढच्या जन्मी गाढव होतो असं काशीत म्हणतात.

“त्यासाठी पलीकडे कशाला जायला हवं?” आई म्हणायची. बाबांना हा विनोद आवडायचा. पाहुण्यांसमोर ते तो आईकडून मुद्दाम वदवून घेत.

आम्ही दुर्गाघाटाच्या गल्लीत राहतो. किती पिढ्यांपासून ते बाबांना तोंडपाठ होतं, मला नाही. मी इथल्याच एका बँकेत आहे, लग्न केलं नाही, आणि घरातल्या दोन म्हाताऱ्यांची मी एकटी मुलगी-मुलगा-सून सगळं काही होते. त्यामुळे त्या वर्षी अधिक महिना ज्येष्ठात आला आणि बाबांनी पंचक्रोशी करायची ठरवली तेव्हा बरोबर कोण जाणार हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

पंचक्रोशी म्हणजे काशीच्या हद्दीवरून पायी घातलेली प्रदक्षिणा. मणिकर्णिकेला न्हाऊन निघायचं, दक्षिणेला कंदवा, तिथून भीमचंडी, मग वर रामेश्वर, शिवपूर, कपिलधारा असे मुक्काम करत पुन्हा मणिकर्णिकेला यायचं. अनवाणी. बाबांनी ती तरुणपणी एकदा केली होती. तेव्हा वाटेवर आंब्याची झाडं होती आणि पायाखाली माती होती.

“ह्या गर्मीत?” आई म्हणाली. “लू लागून पडाल कुठेतरी. फाल्गुनात जा की.”

“फाल्गुनापर्यंत मी असेन कशावरून?”

“असालच. तुम्ही जाताय कुठे?”

तरी तिने सातूचं पीठ भाजून दिलं, गुळाचे खडे बांधून दिले, आणि बाबांच्या पितळी तांब्याला सुतळीचं नवं विणकाम केलं. त्यात घाटावरचं गंगेचं पाणी भरून तो माझ्या खांद्याला अडकवला. तिचे गुडघे गेलेले आहेत, नाहीतर ती आली असती आणि आज मी हे लिहीत बसले नसते. आईपुढे बाबांचं न्यायशास्त्र चालत नसे.

पहिल्या दिवशी शहर मागे पडल्यावर बाबांनी मला वाटेचे नियम सांगितले. त्यांना शिकवायला कुणी तरी मिळालं की त्यांचा आवाज दहा वर्षांनी तरुण होई. आपण चालतो ती वाटच हद्द. उजव्या हाताला काशी, डाव्या हाताला बाकीचं जग. वाटेवरची देवळं सगळी उजव्या अंगाला. कुठे गणपती, कुठे भैरव, कुठे नुसती घुमटीत शेंदूर फासलेली शिळा. प्रत्येक देवळाचं तोंड वाटेकडे आणि पाठ काशीकडे.

“कुठे चुकल्यासारखं वाटलं तर माणसाला विचारू नकोस, देऊळ बघ,” ते म्हणाले. “ज्या बाजूला देऊळ, त्या बाजूला काशी.”

आणि दुसरा नियम असा की थुंकायचं, चूळ भरायची, लघवीला बसायचं, ते सगळं डावीकडे उतरून. उजवीकडे तीर्थक्षेत्र, ते विटाळायचं नाही. मी बाईमाणूस, मला हा नियम झाडोऱ्याच्या हिशेबानेच पाळता येत होता, आणि झाडोरा काही डावी-उजवी बघून उगवत नाही. एकदा मी उजवीकडे बसून आले आणि गप्प राहिले.

पहिले दोन दिवस बरे गेले. खरं सांगायचं तर मला ते आवडले. बँकेत काचेमागे बसून बसून मला वाटायला लागलं होतं की माझे पाय फक्त खुर्चीखाली ठेवण्यासाठी आहेत. पहाटे निघायचं, ऊन चढायच्या आत बरंच अंतर तोडायचं, दुपारी देवळाच्या ओवरीत पडायचं, उतरत्या उन्हात पुन्हा चालायचं. आमच्या मागेपुढे खेड्यांतल्या बायकांचे घोळके, डोक्यावर गाठोडी, तोंडात गाणी. त्या आमच्या दुप्पट वेगाने चालत आणि बाबांना ओलांडताना “महादेव, बाबूजी!” म्हणत. बाबा हात वर करत. भीमचंडीच्या तळ्याकाठी त्यांनी माझ्या तळव्यांना खोबरेल तेल लावून दिलं. मी नको नको म्हणत होते. “लहानपणी तू शाळेतून अशीच पाय घेऊन यायचीस,” ते म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या पायांना फोड आले होते, ते त्यांनी धोतराखाली झाकून ठेवले.

तिसऱ्या दिवशीची मजल सगळ्यांत लांब. भीमचंडीहून निघालो तेव्हाच वारा गरम होता. जुन्या वाटेचं इथे काही उरलेलं नव्हतं. रस्ता रुंद केलेला, मध्ये लोखंडी कठडा, दोन्ही अंगांची झाडं तोडून नेलेली, आणि डांबर असं की पाय टेकवला की उचलायची घाई व्हावी. पोलिसांनी यात्रेकरूंना ह्याच रस्त्याच्या उजव्या कडेने जायला सांगितलं होतं. देवळं मात्र दिसेनाशी झाली. बाबा दोन-तीनदा थांबून इकडेतिकडे बघून म्हणाले, “इथे एक गणपती होता.” मी म्हटलं, “रस्त्यात गेला असेल.” ते म्हणाले, “देव असा जात नाही.” पण मग पुढे चालायला लागले, कारण उभं राहवत नव्हतं.

दहाच्या सुमाराला मी तांब्या दुसऱ्या खांद्यावर घेतला आणि माझ्या लक्षात आलं की तो अजून जडच आहे. सकाळी भरलेला, तसाच. मी माझ्या बाटलीतून पीत होते. बाबा तांब्यातून पितात असं मी धरून चालले होते. ते मधूनमधून तांब्या मागून घेत, तोंडाला लावत आणि परत देत.

“बाबा, तुम्ही पाणी प्यायला नाहीत?”

“मुक्कामाला पितो ना.”

“काल? परवा?”

“मुक्कामाला प्यायलो.”

मी रस्त्यातच उभी राहिले. तेव्हा त्यांनी मला अगदी शांतपणे, विद्यार्थ्याला समजावावं तसं समजावलं. पाणी प्यायलं की लघवी लागते. त्यांच्या वयाला तर लगेच लागते. उजवीकडे बसावं तर क्षेत्र विटाळतं. डावीकडे उतरावं तर हद्द ओलांडली जाते आणि व्रत मोडतं. मुक्कामाच्या जागी संडास बांधलेले आहेत, घरासारखेच, तिथे दोष नाही. तेव्हा दोन मुक्कामांच्या मध्ये पाणी न पिणं एवढा एकच मार्ग उरतो.

मला इतका राग आला की मी रडले. मी त्यांना रस्त्यावर, त्या सगळ्या बायकांसमोर, मोठ्याने बोलले. म्हटलं, देवाने तुम्हांला मूत्राशय दिलं तेव्हा त्याला काशीचा नकाशा माहीत नव्हता का? ते हसले. ओठ फुटलेले होते, त्यामुळे हसताना त्यांना दुखलं. माझ्या समाधानासाठी त्यांनी दोन घोट घेतले आणि तिसरा हातावर घेऊन डोळ्यांना लावला. “पुढे रामेश्वरला पोचलो की हवा तेवढा पाज,” ते म्हणाले. मी तिथेच त्यांना रिक्षात घालायला हवं होतं असं भाऊ म्हणतो. भावाला फोनवरून पुण्यात बसून बाबा उचलता येतात. मी बावन्न वर्षं त्यांच्याबरोबर राहिले आहे, मला ते कधी उचलता आले नाहीत.

त्यानंतर फार वेळ गेला नाही. मी पुढे चालत होते, मागे वळून पाहिलं तर ते थांबले होते आणि कोरडे होते. सगळे घामाने निथळत होते आणि त्यांचं कपाळ तव्यासारखं कोरडं, लाल. मी जवळ गेले तर म्हणाले, “आज पाठशाळेला सुट्टी आहे का?” मग खाली बसले. बसले म्हणजे पाय गेलेच.

रस्त्याच्या बरोबर समोर, डाव्या अंगाला, एक खाजगी दवाखाना होता. दुमजली, नवी निळी पाटी, दारात कूलरचा आवाज. कठड्याला तिथेच फट ठेवलेली. वीस पावलंही नसतील. घोळक्यातल्या एका बाईने बाबांच्या डोक्यावर आपला ओला पदर टाकला आणि तिचा नवरा म्हणाला, “दीदी, बाबूजी के लू लग गयल हौ. सामनवे अस्पताल हौ, ले चला.” त्याने आणि आणखी एकाने त्यांना काखेत धरून उचललं.

कठड्यापाशी आल्यावर बाबांना शुद्ध आली. कशी आली मला माहीत नाही. त्यांनी एका हाताने कठड्याचा लोखंडी खांब धरला. ते लोखंड इतकं तापलेलं होतं की मी त्यांची बोटं सोडवायला गेले तर माझा हात भाजला.

“पलीकडे नाही,” ते म्हणाले.

“बाबा, पाच मिनिटांचं काम आहे. एक सलाइन लावतील आणि येऊ.”

“आणि तेवढ्यात गेलो तर?”

“नाही जाणार!”

“तुला काय ठाऊक?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या वेळी ते पूर्ण भानावर होते, ह्याबद्दल मला आजही शंका नाही. “इतकी वर्षं सांभाळलंय बाळा. वीस पावलांसाठी घालवू नकोस. माझी शपथ आहे तुला.”

मी एकटी धावत पलीकडे गेले. काउंटरवरचा माणूस म्हणाला, डॉक्टरसाहेब रस्त्यावर येत नाहीत, पेशंट आत आणा, पलंग रिकामा आहे, लगेच बघतो. तो वाईट बोलला नाही. उलट मला त्याने बर्फाचा तुकडा आणि मीठ-साखरेची पुडी दिली. मी हात जोडले, तो म्हणाला, “तुम्ही आणा तर खरं.” पलंग मला दिसत होता. पांढरी चादर, वर पंखा फिरत होता.

मी परत आले. त्या बाईच्या नवऱ्याने उलट दिशेने येणारा एक टेम्पो थांबवला होता. चालक म्हणाला शहरातल्या मोठ्या इस्पितळात पोचवतो, आतल्या रस्त्याने जातो. आतल्या रस्त्याने म्हणजे उजव्या हाताच्या, काशीतल्या. बाबांनी ते ऐकलं आणि खांब सोडला.

टेम्पोत मी बर्फ त्यांच्या मानेला लावला, तो बघता बघता संपला. तांब्यातलं सगळं पाणी त्यांच्या अंगावर ओतलं. तोंडात घातलं ते बाहेर आलं. कुठल्याशा बाजारात ट्रक आणि ट्रॅक्टर तोंडाला तोंड लावून उभे होते, तिथे आम्ही अडकलो. चालक उतरून शिव्या देत रस्ता मोकळा करत होता आणि मी बाबांच्या कानात शिवनाम घेण्याऐवजी “बाबा, पाणी प्या” एवढंच म्हणत होते. शहर लागलं तेव्हा ते गेलेले होते. इस्पितळात फक्त तसं सांगण्यात आलं.

मग जे झालं ते मला अजून सहन होत नाही. लोक मला भाग्यवान म्हणायला लागले. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, संकठाघाट, जिथे जिथे म्हणून मराठी माणसाचं घर आहे तिथून माणसं आली आणि प्रत्येकाने तेच सांगितलं. काय मरण! अधिक मासात, पंचक्रोशीच्या वाटेवर, क्षेत्र न सोडता! एक वृद्ध गुरुजी तर म्हणाले की असं मरण मागून मिळत नाही. मी म्हटलं, “मागूनच घेतलं त्यांनी.” ते मान डोलावत निघून गेले, मी कौतुकच केलं असं त्यांना वाटलं.

भाऊ तिसऱ्या दिवशी आला. दहावं-तेरावं झाल्यावर बोलला. “वीस पावलं होती. शुद्ध हरपल्यावर तरी न्यायचंस. त्यांना कळलंसुद्धा नसतं.”

मी काही बोलायच्या आत आई बोलली. 

“तिला नको बोलूस. पलीकडे नेलं असतं तर वाचले असते, मला माहीत आहे. आणि मग घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले असते. दोन्ही मिळत नव्हतं रे. जीव नाहीतर काशी. त्यांनी काशी घेतली. त्यांचं होतं, त्यांनी घेतलं.”

ती त्या वाक्याला धरून उठायला लागली. मी पाहिलं, त्या दिवसापासून तिने स्वतः चहा केला, घाटावर गेली, शेजारणीला हेच सांगितलं: दोन्ही मिळत नव्हतं. मला पटो न पटो, घर त्या वाक्यावर उभं राहिलं. हळूहळू मीही तेच म्हणायला लागले.

मध्येच तुटलेली यात्रा तशी ठेवायची नाही, घरच्या कुणी तरी ती पुरी करायची, असं आईचं म्हणणं होतं. ऊन सरल्यावर, मार्गशीर्षात मी गेले. एकटीच. जिथे खंड पडला तिथूनच सुरू करायचं होतं, म्हणून टेम्पोने थेट त्या कठड्यापाशी उतरले. दवाखाना तसाच होता. दारात कूलरच्या जागी आता शेकोटी. मी तिकडे पाहायचं नाही असं ठरवून आले होते.

पण सकाळी थंडीत दोन कप चहा झाला होता आणि पुढे लांबपर्यंत उघडं रान. तेव्हा मी नियमाप्रमाणे रस्ता ओलांडून डावीकडे गेले. मनात आलं, माझं मला किती सोपं आहे. दवाखान्याच्या शेजारून एक बोळ मागे जात होता. मागे कुंपणाची भिंत, भिंतीला लागून एरंडाची झुडपं, आणि त्यांच्या पलीकडे एक अरुंद कच्ची वाट, दोन्ही बाजूंना जुने आंबे. आडोसा चांगला होता. मी झुडपांत शिरले आणि बसणार, तेवढ्यात मला शेंदूर दिसला.

छातीइतक्या उंचीची घुमटी होती. दगडी, जुनी, वरून पिंपळ फुटलेला. आत गणपती. शेंदराचे थरावर थर चढून सोंड आणि पोट एक झालेलं. पुढ्यात कुणीतरी त्याच सकाळी ठेवलेलं झेंडूचं फूल. घुमटीचं तोंड त्या कच्च्या वाटेकडे होतं. पाठ दवाखान्याच्या भिंतीला टेकलेली.

मी वाटेवर जाऊन उभी राहिले. रामेश्वराकडे तोंड केलं, जसं यात्रेत करायचं तसं. देऊळ माझ्या उजव्या हाताला आलं. देवळाच्या मागे भिंत, भिंतीच्या मागे दवाखाना, त्याच्या मागे तो रुंद रस्ता आणि कठडा. ज्या बाजूला देऊळ, त्या बाजूला काशी.

मी डोळे मिटून पुन्हा उभी राहिले, पुन्हा उजवा हात वर केला. दुसरीकडे तोंड करून पाहिलं. काही बदललं नाही. जुनी वाट ही होती. नवा रस्ता काशीच्या आतून काढला होता आणि आम्ही त्याच्या कडेला हद्द समजून बसलो होतो. “इथे एक गणपती होता,” असं बाबा म्हणत होते तो हाच असावा. तो गेला नव्हता. तो पलंग, ती पांढरी चादर, वरचा पंखा, सगळं काशीत होतं. त्यांना दोन्ही मिळत होतं.

तिथे किती वेळ होते कोण जाणे. दवाखान्याच्या मागच्या खिडकीतून एक नर्स बाहेर पाहत होती, तिने विचारलं, “क्या हुआ, माताजी?” मी म्हटलं, काही नाही.

यात्रा मी पुरी केली. त्या कच्च्या वाटेने जमेल तिथवर, ती शेतात हरवल्यावर पुन्हा डांबरावरून. मला काहीही वाटत नव्हतं, फक्त राग. त्या वाटेवर, रस्ता आखणाऱ्यांवर, बाबांवर. बाबांवर सगळ्यांत जास्त. माणसाला विचारू नकोस म्हणाले होते; एकदा विचारलं असतं तर चहाच्या टपरीवरच्या कुणीही सांगितलं असतं. मणिकर्णिकेला न्हाले, आणि शेवटी गल्लीतल्या साक्षीविनायकापुढे गेले. ह्या गणपतीला सांगायचं असतं की मी यात्रा केली, तू साक्षी राहा. मी म्हटलं, यात्रा झाली, त्यांची आणि माझी. बाकी जे तुम्हां लोकांना दिसलं असेल ते तुमच्याजवळच ठेवा.

घरी आले तेव्हा आई मटार सोलत बसली होती. परातीत हिरवे दाणे, पायाशी सालांचा ढीग. तिने माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

“झालं सगळं?”

“झालं.”

“ती जागा पाहिलीस?”

“पाहिली.”

तिने हातातली शेंग सोलून दाणे परातीत टाकले. मग खाली बघूनच म्हणाली, “तो दवाखाना पलीकडेच होता ना गं?”

मी तिच्यासमोर बसले आणि मूठभर शेंगा ओढून घेतल्या.

“पलीकडेच,” मी म्हटलं. “पार पलीकडे, आई.”